गोल आधी ऐकू येतो ते घर

पाडव्याला बायकोनं पहाटे पाचलाच ओवाळून घेतलं. ताटात नोट टाकली, तर म्हणाली, "ह्यात मॅचच्या तिकिटांचे पैसे वजा करून टाकलेत का?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. पुतण्या गाडीत जाऊन बसला होता. वय तेरा, अंगात पिवळी सात नंबरची जर्सी, तोंड पाडलेलं.

तोंड पडायला कारण होतं. २२ ऑक्टोबर २०२५, मडगावजवळ फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नस्र. आशियातल्या क्लबांची दुसऱ्या पायरीवरची स्पर्धा, पण समोर रोनाल्डोची टीम. ड्रॉ निघाला त्या दिवसापासून पोरगं झोपेत सुद्धा रोनाल्डोसारखं 'सियू' ओरडत होतं. आणि ऐन दिवाळीत बातमी आली की टीम येणार, रोनाल्डो येणार नाही. फराळाच्या डब्यासमोर बसून रडलं बिचारं. मी म्हटलं, तिकिटं काढलीत, जाऊया. खरं सांगायचं तर मला रोनाल्डोपेक्षा ह्या क्लबचंच कोडं होतं.

कोडं असं. आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडं फुटबॉलची टीम पेठेची असते, तालमीची असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी मंडळ. टीम निवडायची सोयच नाही. ज्या बोळात जन्माला आलात ती तुमची, आणि पलीकडच्या बोळात मुलगी दिली तर मॅचच्या दिवशी जावयाशी अबोला. असं सगळं रक्तात असताना कुणीतरी पैसेवाले एकत्र येतात, २०१४ साली कागदावर एक क्लब काढतात, त्याला लोगो चिकटवतात, आणि लोक त्याच्यासाठी घसा फोडतात, हे मला पटतच नव्हतं. टीव्हीवर बघताना नेहमी वाटायचं, हे ढोल भाड्यानं आणलेत.

निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोलीला चहाला थांबलो. वाटेत वनखात्याची पाटी लागली, गव्यांपासून सावध राहा म्हणून. पुतण्याला म्हटलं, एफसी गोवाच्या लोगोवर गवाच आहे, गोव्याचा राज्यप्राणी. टीमला 'गौर्स' म्हणतात ते त्यावरूनच. तो म्हणाला, "मग दाजीपूरचं गव्यांचं जंगल आपलं आहे, म्हणजे गवा आपला." पेठेतल्या पोराला शोभेल असंच बोलला. गवा काही दिसला नाही. धुकं तेवढं भरपूर.

मडगावात शिरायला दुपारचा एक वाजला. माझ्या जुन्या ऑफिसातला एक मित्र तिथला. त्याचं घर फातोर्ड्यातच, स्टेडियमपासून चालत पाच मिनिटं. मित्र स्वतः दुबईला, पण वडिलांनी बजावून सांगितलं होतं, हॉटेलात उतरलात तर परत तोंड दाखवू नका. काका पंचाहत्तरीचे. खाणीच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, आणि हाडाचे साळगावकरवाले. म्हणजे साळगावकर नावाची टीम. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एका जुन्या टीमचा फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या. "हो ब्रह्मानंद," काकांनी बोट ठेवलं. ब्रह्मानंद शंखवाळकर, भारताचा गोलकीपर, अर्जुन पुरस्कारवाला. गोवेकर आजही ते नाव घेताना आवाज जरा खाली आणतात.

काकूंनी पोह्यांचे तीन प्रकार पुढं केले. गोव्यात दिवाळी म्हणजे 'फोव'. ताकातले, गुळातले आणि बटाट्याचे. खाता खाता मी आपलं कोडं घातलं: काका, हा क्लब तुमचा कसा झाला?

काकांनी सरळ उत्तर दिलं नाही. आधी मला हिशेब घातला. आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची सर्वोच्च फुटबॉल लीग, सुरू झाली २००७-०८ ला. पहिली कुणी जिंकली? डेंपो. नंतर चर्चिल ब्रदर्स. मग परत डेंपो, मग साळगावकर, मग डेंपो, मग चर्चिल. सहा वर्षं, सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात. "एवढ्याशा राज्यात!" असं म्हणून त्यांनी चिमूट दाखवली. १८८३ मध्ये एका इंग्रज पाद्र्यानं शिवोलीत आणलेला खेळ, २०१२ ला सरकारनं तो राज्याचा खेळ म्हणून जाहीरच करून टाकला. आणि दोन वर्षांत इंडियन सुपर लीग आली. बाहेरून छापून आलेल्या पत्रिकेसारखी.

गंमत म्हणजे एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत व्हिडिओकॉनबरोबर दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास डेंपो हे दोघेही होते. जन्माचे वैरी एका ताटात. मी म्हटलं, काका, म्हणजे पाटाकडील आणि शिवाजी मंडळानं मिळून एक टीम काढण्यासारखं झालं हे. मॅच कुणी बघायची आणि भांडायचं कुणाशी? काका म्हणाले, "तेंच मरे!" २०१६ साली सुपर लीगच देशातली सर्वोच्च लीग होणार असं दिसल्यावर डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा ह्या तिघांनी आय-लीगमधून अंगच काढून घेतलं. काकांच्या भाषेत, त्या वर्षी घरात तीन म्हातारे एकदम गेले आणि एक सावत्र नातू तेवढा उरला.

"मग त्या नातवाची मॅच बघायला गेलात कधी?"

"एकदाही नाही."

इथं मला चहाचा कप खाली ठेवावा लागला. पाच मिनिटांवर स्टेडियम, अकरा वर्षं टीम, आणि हा माणूस आत पाऊल टाकत नाही. काकूंनीच खुलासा केला. हे टीव्हीवर बघतात. आणि टीव्हीवर बघण्यात ह्या घरात एक भानगड आहे. चित्र उपग्रहावरून फिरून येतं, त्याला काही सेकंद लागतात. आवाज मात्र थेट खिडकीतून येतो. त्यामुळं पडद्यावर अजून चेंडू मधल्या वर्तुळात असतो आणि बाहेर गोल झालेला असतो. ह्या घरात फातोर्ड्यावरचा गोल कधी दिसत नाही, आधी ऐकू येतो आणि मग त्याचा पुरावा मिळतो.

काकांनी मग मला क्लबचा सगळा इतिहास कानानं सांगितला. मी पुष्कळ क्लबांच्या कथा वाचल्यात, अशी कधी ऐकली नव्हती.

२०१४, पहिलं वर्ष. कोच झिको, प्रत्यक्ष ब्राझीलचा. पहिले काही दिवस आवाज होता तो जत्रेचा. लोक झिको आणि फ्रान्सच्या रॉबेर पिरेसना बघायला येत. "त्या आवाजात पोट नव्हतं," काका म्हणाले. मग २० डिसेंबर २०१५, फायनल, घरच्याच मैदानावर, समोर चेन्नईयिन. एक-एक. सत्याऐंशीव्या मिनिटाला खिडकीची तावदानं थरथरली. काका टीव्हीसमोर, काही सेकंदांनी झोफ्रेची फ्रीकिक जाळ्यात गेलेली दिसली. दोन-एक. काकू देवापुढं दिवा लावायला उठल्या. आणि तेवढ्यात आवाज गेला. कमी झाला असं नाही, गेलाच, वीज जाते तसा. पडद्यावर अजून सगळे खेळत होते. काका म्हणतात, त्या चार-पाच सेकंदांत मला कळलं होतं की आपलं काहीतरी मेलं, फक्त काय ते कळलं नव्हतं. मग दिसलं: गोव्याचाच गोलकीपर कट्टीमनी, त्याच्या अंगाला लागून चेंडू आत. नव्वदावं मिनिट. त्यावर इंज्युरी टाइममध्ये चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल. दोन-तीन.

"त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना 'आमचे' म्हटलं," काका म्हणाले. "जिंकल्यावर पाहुणा पण नाचतो."

त्या फायनलनंतर बराच गोंधळ झाला, क्लबला जबर दंड बसला, मालकी बदलली. डेंपो-साळगावकर बाहेर पडले, सूत्रं उद्योगपती जयदेव मोदींकडं आली. सुरुवातीची निळी जर्सी जाऊन नारिंगी आली. २०१७ ला सर्जिओ लोबेरा नावाचा स्पॅनिश कोच आला आणि त्याच्याबरोबर फेरान कोरोमिनास, म्हणजे कोरो. पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६. ह्या काळातला आवाज कसा होता? काकांनी ओठ मिटून घशातून एक वाढत जाणारी हुंकारी काढली. पास, पास, पास, प्रत्येक पासाला थोडी वर. पुतण्या हसून लोळला. तेवढ्यात २०१९ ची फायनल मात्र मुंबईत हरले, बेंगळुरूकडून, ११७व्या मिनिटाला. गोल मारला आमच्या मुंबईच्या राहुल भेकेनं. मराठी माणूस म्हणून मी गप्प बसलो.

२०१९-२० ला लीगमध्ये पहिले आले, १८ सामन्यांत ४६ गोल. त्याच वर्षी सुरू झालेली विजेत्यांची शील्ड पहिल्यांदा ह्यांनाच मिळाली. शेवटच्या टप्प्यात लोबेराला काढलेलं होतं आणि तात्पुरता सांभाळायला क्लिफर्ड मिरांडा होता, डेंपोचा जुना खेळाडू. काकांना ह्याचं भारी समाधान. म्हाताऱ्यांपैकी एकाचा हात लागला म्हणून. ह्या शील्डमुळं एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. एप्रिल २०२१, सामने फातोर्ड्यालाच. कतारचा अल रय्यान, कोच फ्रान्सचा लॉराँ ब्लाँ, आणि ह्यांनी त्यांना शून्य-शून्य रोखलं. अमिरातीच्या अल वहदाला पण शून्य-शून्य.

"आणि ते कसं ऐकू आलं?"

काकांनी खिडकीकडं बघितलं. कोविड होता. स्टेडियम रिकामं. क्लबच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे सामने, आणि खिडकीतून यायचा तो फक्त खेळाडूंचा आरडाओरडा आणि चेंडूला लाथ बसल्याचा ठप्प. "गोव्याची पोरं कोकणीत शिव्या देत होती ते स्पष्ट ऐकलं," काका म्हणाले. "अरबांसमोर."

सव्वासातची मॅच, आम्ही सहालाच निघालो. बाहेर पिवळ्या सात नंबरच्या जर्सीचे ढीग घेऊन विक्रेते बसलेले, गिऱ्हाईक नाही. एकानं पुतण्याच्या अंगावरची बघून हात जोडले. समदुःखी. नारिंगी मात्र खपत होत्या. मी एक घेतली, रात्री बघितलं तर 'गोवा'च्या स्पेलिंगमध्ये ओ दोन होते.

फातोर्ड्याचं हे स्टेडियम १९८९ चं. इथं क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय सामने सुद्धा झालेत, पण आता गवत बघितलं की कळतं, मालक कोण ते. आमची जागा 'ईस्ट लोअर'ला, म्हणजे क्लबच्या कट्टर पाठीराख्यांच्या शेजारी. त्यांची संघटनाच 'ईस्ट लोअर आर्मी' नावाची. ढोल भाड्याचे नव्हते. शेजारचा ढोलवाला बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होता. मी विचारलं, तर म्हणाला, नरकासुराच्या रात्री वाजवून फोड आलेत, आज परत.

सामना कसा झाला ते सगळ्यांना माहीत आहे. गटातले पहिले दोन्ही सामने गोवा हरलेला, आणि देशात सुपर लीगचाच पत्ता नाही, हक्कांचा करार अडकल्यामुळं मोसम लटकलेला. अशा अवस्थेत ही पोरं अल नस्रसमोर उभी. दहाव्या मिनिटाला आंजेलोनं, सत्ताविसाव्याला कामारानं गोल केला. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं, हिशेब करून. ह्या गतीनं सहा होणार. मीही तोच हिशेब केला होता.

एक्केचाळीसाव्या मिनिटाला काय झालं ते मी सांगू शकत नाही. आमच्या पुढचे सगळे एकदम उठले, एका धिप्पाड माणसानं हात पसरले, आणि मला दिसली ती त्याची पाठ. कानात एवढा मोठा धक्का बसला की दाताला दात लागले. ढोलवाला ढोल सोडून कुणाच्या तरी गळ्यात. 'ब्रायसन, ब्रायसन' एवढंच ऐकू येत होतं. ब्रायसन फर्नांडिस, गोव्याचाच पोरगा. दोनशेहून जास्त किलोमीटर धुक्यातून गाडी हाकत आलो आणि गोल चुकला. खुर्चीवर उभा असलेल्या पुतण्यानं मात्र तो पाहिला.

शेवटी एक-दोन. दुसऱ्या अर्धात गोवा वाकला नाही, उलट चढून खेळला. हरल्यावर पाच-दहा मिनिटं कुणी हललं नाही. टाळ्या चालू होत्या, आणि मैदानावरची पोरं मान खाली घालून आमच्या बाजूला आली.

घरी आलो तर काका ओसरीवर, दिवा मालवून. टीव्ही बंद.

"बघितली नाही?"

"आज टीव्ही लावलाच नाय," काका म्हणाले. "दोन सेकंद आधी आणि नंतर, कशाला ती कटकट. एक आमचो, ऐकलो." मग पुतण्याला जवळ बोलावलं. "बाब, तो गोल कसो? ह्या तुझ्या काकाला विचारून उपयोग नाही, तो बसून होता म्हणतोस."

पुतण्यानं फराळाचं ताट ओढून घेतलं. दोन शंकरपाळ्या म्हणजे गोलपोस्ट, अनारसा म्हणजे त्यांचा गोलकीपर, चकल्या त्यांचे बॅक. रव्याचा एक लाडू त्यानं दोन बोटांत धरला. आम्ही दोघे म्हातारे मान पुढं काढून बसलो.

"हां, तर ब्रायसन इथं होता," तो म्हणाला, आणि काकांचा चष्म्याचा डबा उचलून ताटाच्या मधोमध ठेवला.