द शपांडे आणि इतर आडनावं

नेदरलंड्समध्ये राहायला आलात की नेपोलियनची गोष्ट कुणीतरी ऐकवतंच. ऑफिसातले लोक ऐकवतात, शेजारचे आजोबा ऐकवतात, डच शिकवणाऱ्या बाईसुद्धा ऐकवतात. १८११ मध्ये नेपोलियनने फर्मान काढलं की प्रत्येकाने आडनाव नोंदवलंच पाहिजे. डच म्हणाले, हा फ्रेंच काय चार दिवसांचा पाहुणा, करा चेष्टा! मग कुणी ‘नाक्तखेबोरेन’ म्हणजे ‘नागडा जन्मलेला’ असं आडनाव लिहून दिलं, कुणी आणखी काही अचाट. फ्रेंच गेले आणि ही नावं मात्र नातवंडा-पतवंडांच्या माथी बसली.

गोष्ट फक्कड आहे, पण बरीचशी रचलेली. फर्मान खरं, १८ ऑगस्ट १८११ चं. पण नाक्तखेबोरेन हे आडनाव त्याच्या कितीतरी आधीपासून कागदोपत्री सापडतं. मुळात ते जर्मन ‘नाखगेबोरेन’, म्हणजे बाप वारल्यानंतर जन्मलेलं मूल. उच्चार घासत घासत पोराच्या अंगावरचे कपडे गेले, एवढंच. पश्चिमेकडच्या हॉलंड प्रांतातल्या शहरांमध्ये लोकांना पिढ्यान्‌पिढ्या आडनावं होतीच. फर्मानाचा खरा ताप झाला तो फ्रीसलंड, ग्रोनिंगेन, ड्रेन्टे अशा उत्तरेकडच्या भागात, जिथे बापाचं नाव लावून लोकांचं छान चाललं होतं. नेपोलियनला हवी होती कर आणि सैन्यभरतीची यादी. लोकांनी इतकी टाळाटाळ केली की तो गेल्यावर राजा विलेमला १८२५ मध्ये पुन्हा हुकूम काढावा लागला. मला तर चेष्टेपेक्षा ही टाळाटाळच जास्त डच वाटते.

बापाचं नाव लावायची पद्धत आपल्याला सांगायला नको. चित्रकार रेम्ब्रां घ्या. पूर्ण नाव रेम्ब्रां हार्मेन्सझोन व्हॅन राइन. हार्मेनचा मुलगा, आणि घरची चक्की लायडनला ऱ्हाइन नदीकाठी, म्हणून व्हॅन राइन. स्वतःचं, बापाचं, गावचं. अगदी आपल्या शाळेच्या दाखल्यासारखं. ज्याच्यावरून टास्मानिया बेटाचं नाव पडलं तो आबेल यान्सझोन टास्मानही तसाच, यानचा मुलगा. पुढे हेच मधलं नाव थिजून आडनाव झालं. आज इथे हजारो यान्सेन आहेत आणि त्यांच्यातल्या फारच थोड्यांच्या बापाचं नाव यान असेल.

दुसरा मोठा गट आपल्या ‘कर’वाल्यांचा. ‘व्हॅन’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’. व्हॅन गॉगचे पूर्वज सीमेपलीकडच्या, आता जर्मनीत असलेल्या गॉख गावचे. व्हर्मीर म्हणजे व्हॅन डेर मीर, तळ्याकाठचा. अमेरिकेतले गडगंज व्हँडरबिल्ट हे उत्रेख्तजवळच्या द बिल्ट गावचे, जिथे आता डच हवामान खातं आहे. जर्मन ‘फॉन’सारखा यात सरदारकीचा वास अजिबात नाही. बीथोवनच्या नावातला ‘व्हॅन’सुद्धा साधा फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या डचमधला, कुठल्या तरी गावाचाच.

आणि या देशात गावाइतकंच पाणी. व्हॅन डाइक म्हणजे बांधावरचा. फ्रीसलंडमध्ये हेच ‘स्ट्रा’ लावून म्हणतात, डाइकस्ट्रा. संगणकवाल्या वाचकांनो, सर्वात जवळची वाट शोधणारा अल्गोरिदम ज्याच्या नावाने पाठ केलात तो एड्सखर डाइकस्ट्रा आपल्या भाषेत ‘बांधकर’ झाला असता. टेर्पस्ट्रा हेही असंच. बांध घालायची विद्या येण्याआधी फ्रीसलंडचे लोक माती, शेण, कचरा रचून टेकाडं करायचे आणि भरतीचं पाणी आलं की त्यावर तग धरून राहायचे. ते टेकाड म्हणजे टेर्प. अशी काही टेकाडं अजून दिसतात, वर चर्च आणि भोवती चार घरं. याउलट ‘व्हॅन डेन बेर्ख’, म्हणजे डोंगरावरचा, हे आडनाव ढिगाने कसं सापडतं ते तेच जाणोत. युरोपातल्या या भूमीवरचा सगळ्यात उंच ‘डोंगर’ ३२२ मीटरचा आहे. आपल्याकडे त्याला कुणी टेकडीसुद्धा कौतुकाने म्हणणार नाही.

सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव मात्र ‘द योंग’, ऐंशी हजारांहून जास्त माणसांचं. अर्थ ‘धाकटा’. एकाच नावाची दोन माणसं असली की हा थोरला, तो धाकटा. फोड करायची साधी सोय होती, तिचं घराणं झालं.

आता ‘द’ आणि ‘व्हॅन’ इतके झाल्यावर यादी कशी लावायची? यावर डचांनी तोडगा काढलाय: अकारविल्हे लावताना ती शेपटं धरायचीच नाहीत. व्हॅन डाइक सापडेल ‘डी’खाली, द योंग ‘जे’खाली. शेजारी बेल्जियममध्ये तोच व्हॅन डाइक ‘व्ही’खाली जातो. शिवाय आधी पहिलं नाव किंवा आद्याक्षरं असतील तर ‘व्हॅन’चं पहिलं अक्षर लहान, नसतील तर मोठं. एकदा औषधाच्या दुकानात माझी पिशवी मिळेना. काउंटरमागे तयार पिशव्या आडनावाच्या अक्षराप्रमाणे खणांत लावलेल्या असतात. ‘डी’च्या खणात नाही. जन्मतारीख दोनदा विचारून झाली. शेवटी बाई ‘एस’च्या खणातून पिशवी घेऊन आल्या. लेबलवर मी होते, ‘द शपांडे’. कुणीतरी माझ्या आडनावाला मोठ्या प्रेमाने डच करून टाकलं होतं. परगण्याचं दप्तर सांभाळणाऱ्या पूर्वजांना हे दप्तर दाखवायला हवं होतं.

एक गोष्ट इथे फार हलकी वाटते. आडनाव ऐकल्याबरोबर समोरच्याच्या डोळ्यांत जो हिशेब सुरू होतो, कोण, कुठले, कुणातले, तो इथे माझ्या बाबतीत होत नाही. पण अगदी हुरळूनही जायला नको. नोकरीच्या अर्जावर परकं आडनाव दिसलं की काय होतं, यावर इथेही भरपूर चर्चा चालते.

आणि डच वहीतली सगळीच नावं टेर्प आणि तळ्यांइतकी निरागस नाहीत. सुरिनाममध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, १ जुलै १८६३ ला गुलामगिरी संपली तेव्हा मुक्त झालेल्यांना आडनावं द्यायची होती. मळेवाल्यांची नावं जशीच्या तशी देता येत नव्हती, म्हणून काही ठिकाणी ती उलटी-पालटी करून दिली. द व्रीसचं झालं व्रिस्डे. ऑलिम्पिकमध्ये धावलेली लेटिशिया व्रिस्डे याच आडनावाची. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, ‘लल्ला रूख’ जहाजातून पहिले भारतीय मजूर तिथे उतरले. त्यांची एकेरी नावं पुढच्या पिढ्यांची आडनावं झाली आणि स्पेलिंग डच कानाने ठरलं. त्यांची नातवंडं-पतवंडं आज हेगमध्ये मोठ्या संख्येने राहतात. ट्राममध्ये उच्चार कानावर पडला की तो ‘रामदीन’ लगेच ओळखता येतो, पण दारावरची पाटी वाचून ओळखायला आधी डच ‘ई’ कशी लिहितात ते शिकावं लागतं.

कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव ही इथे दोन वेगळी खाती आहेत. फुटबॉलवाला योहान क्रायफ कागदोपत्री हेंड्रिक योहानेस होता. कॅथलिक घरांतल्या कित्येक दाढीवाल्या पुरुषांच्या नावात एक ‘मारिया’ असते. पत्रांवर फक्त आद्याक्षरं, त्यामुळे तीन-तीन अक्षरांचा माणूस प्रत्यक्षात नुसता हान्स निघतो. आपलं वडिलांचं मधलं नाव या साच्यात चपखल बसतं, पण चुकीच्या जागी: ते माझंच दुसरं नाव आहे असं सगळी सरकारी खाती धरून चालतात. एका बाबतीत मात्र डच कागदाला मानलं. लग्नाने बाईचं आडनाव बदलत नाही. नवऱ्याचं वापरायची मुभा आहे, पण नोंद जन्मनावाचीच राहते. पाटावर बसवून पहिलं नावसुद्धा पुसणाऱ्या आपल्या जुन्या रीतीसमोर हे ठेवून बघा. आणि १ जानेवारी २०२४ पासून आईबापाला मुलाला दोघांचं जोड आडनावही देता येतं.

मुलांवरून आठवलं. इथे बाळ जन्मलं की तीन दिवसांत पालिकेत नोंद करावी लागते, नावासकट. बारशाला बारा दिवस, कायद्याला तीन. माझ्या मैत्रिणीला मुलगी झाली तेव्हा पत्रिकेवरून अक्षर निघालं ‘थ’. दोन रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसती धुमश्चक्री चालली होती. तिसऱ्या दिवशी नवरा खिडकीवर गेला. कारकुनाने फॉर्म वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, मुलीचं दुसरं नाव तुमचंच कसं? तो म्हणाला, आमच्यात असंच असतं. कारकुनाने खांदे उडवून शिक्का मारला. बाराव्या दिवशी साताऱ्याहून आत्याने व्हिडिओ कॉलवर नाव जाहीर केलं आणि सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तोवर बाळीचा नागरिक क्रमांकही येऊन पडला होता.