तुम्ही विचारलंत म्हणून: मिलिटरीचे कपडे रोज घालावेत का?

पहाटे पाचला मी गावच्या माळावर पोरं पळवतो. तुळजापूर तालुक्यातलं आमचं गाव कोरडवाहू. दहावी-बारावी झालेल्या पोराला फौज नाहीतर पोलीस, एवढंच दिसतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सतरा वर्षं काढून मी हवालदार म्हणून घरी आलो. गावाकडं माजी सैनिकाला, हुद्दा कुठलाही असो, मेजरच म्हणतात, म्हणून मीही मेजर. माळावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठ पडली की कुणी ना कुणी विचारतंच, "मेजर, हे मिलिटरीचे कपडे आपण रोज घातले तर चालतंय का? पोलीस धरत्यात का?" उभ्या उभ्या उत्तर देऊन ना विचारणाऱ्याचं समाधान होतं ना माझं. म्हणून बसून लिहितोय.

आधी कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ असं की, जो सैनिक नाही त्यानं लोकांना आपण सैनिक वाटावं या हेतूनं तसा पोशाख घातला किंवा तसं चिन्ह लावलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच कलम १४० होतं आणि दंड पाचशेचा होता. यातला 'हेतू' हा शब्द नीट धरा. कुणाकडून पैसे उकळले नसले तरी लोकांनी आपल्याला फौजी समजावं म्हणून घातलं, एवढं पुरतं. उलट, १५ ऑगस्टला शाळेत जवान झालेलं पोर, नाटकातला सुभेदार, किंवा बाजारातली हिरव्या चट्ट्यापट्ट्यांची पँट घालून ऊसतोडीला जाणारा माणूस या कलमात बसत नाही. त्या पँटीचं कापड जाड असतं, पाचटानं फाटत नाही, मळ दिसत नाही. तो ती कशासाठी घालतो हे उघड आहे. त्याला मी कधी हटकलं नाही, हटकणारही नाही.

सिक्युरिटी गार्डची नोकरी करणाऱ्यांसाठी मात्र वेगळा कायदा आहे, २००५ चा. खासगी सुरक्षारक्षकानं सैन्याची किंवा पोलिसांची वर्दी, किंवा तशी दिसणारी वर्दी घातली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि ती फक्त गार्डलाच नाही, एजन्सीच्या मालकालाही. पुण्याला गार्ड म्हणून जाणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण कपडे एजन्सी देते आणि अडकतं पोरगं.

मग कुणी म्हणतं, कायद्यात बसत नाही ना, झालं तर! एवढ्यावर माझं भागत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे अतिरेकी आपल्या लष्कराच्याच वेशात आले होते. त्यानंतर सैन्यानं लोकांना हात जोडून सांगितलं होतं, बाबांनो, हे कपडे घालू नका, दुकानदारांनो, विकू नका. २०२२ च्या सैन्यदिनाला नवी कॉम्बॅट वर्दी आली, तेव्हा तिच्या नक्षीची सैन्यानं रीतसर नोंदणी करून घेतली आणि हक्क आपल्याकडं ठेवला. त्यामुळं नव्या बारीक चौकटींच्या नक्षीचं कापड बाजारात कुणी स्वस्तात देत असेल, तर ते घेऊ नका, एवढं माझं स्पष्ट सांगणं आहे. ज्या बार्बाडोसमध्ये आपण २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तिथं तर साध्या माणसाला चट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्टही घालता येत नाही. आपल्याकडं इतकं कडक नाही.

पण वर्दी असते कशासाठी? पोरांना विचारलं की म्हणतात, रुबाबासाठी. रुबाब येतो, खोटं कशाला बोलू. बेळगावला सेंटरमध्ये कलफ केलेली, इस्त्रीची धार असलेली वर्दी पहिल्यांदा अंगात घातली तेव्हा माझी छाती भरून आली होती. पण वर्दीचं खरं काम निराळं आहे. लढाईत कोण लढणारा आणि कोण रानात काम करणारा, हे समोरच्याला लांबून दिसलं पाहिजे. १९४९ च्या जिनिव्हा करारातही लांबून ओळखू येईल अशा खुणेची अट घातलेली आहे. म्हणजे वर्दी घालणारा शत्रूला सांगत असतो, गोळी मला घाल, त्याला घालू नको. आणि आपल्या लोकांना सांगत असतो, हे माझं नाव, ही माझी पलटण, मी चुकलो तर जाब विचारायला माझ्यावर कुणीतरी आहे. हे दोन्ही नसेल तर उरतं नुसतं कापड, आणि त्या कापडाची लोकांना वाटणारी भीती.

ही भीती काय असते ते आमच्या मराठवाड्याला कुणी समजावून सांगायला नको. माझ्या आजीचं माहेर नळदुर्गच्या अंगाचं. तेव्हा तिथं निजामाचं राज्य होतं. त्याच्या बाजूचे रझाकार म्हणजे खरं तर स्वयंसेवक, सरकारी फौजेत नसलेली माणसं. लातुरात वकिली केलेला कासीम रझवी त्यांचा म्होरक्या. त्यांना वर्दी होती, हातात हत्यार होतं आणि जाब विचारणारं वर कुणी नव्हतं. आजी सांगायची, रझाकार आले अशी हूल उठली की गडीमाणसं ज्वारीच्या रानात पळायची आणि बाया पोरींना पेवात उतरवायच्या. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार; आत हवा कोंदलेली, ज्वारीचा उबट वास. तिथं ती एकदा दिवसभर बसली होती, थोरल्या बहिणीचा हात तोंडावर दाबून घेऊन. मग १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आली, नळदुर्ग पडला, आणि १७ तारखेला निजाम शरण आला. गावात अजून त्याला पोलीस अ‍ॅक्शनच म्हणतात. त्यानंतरच्या दिवसांत आमच्याच जिल्ह्यात निरपराध मुसलमानांना जे भोगावं लागलं, त्याची नोंद भारत सरकारनंच चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. तेही मी पोरांना सांगतो. अर्धं सांगून वर्दीचा मान वाढत नाही.

ट्रेनिंग संपवून १९९५ मध्ये पहिल्या सुट्टीवर आलो तो ऑलिव्ह ग्रीन वर्दीतच. आईला दाखवायची हौस होती. दिवस मावळला होता, लाईट गेलेली. दारात बूट वाजले, आजी ओट्यावर निवडत बसली होती. तिनं वर बघितलं, सूप तसंच टाकलं आणि भिंतीला धरून आत सरकली. "कोन हाय?" म्हणाली, पण आवाज तिचा नव्हता. मी टोपी काढली, "आजे, मी हाय" म्हणालो. तरी जवळ यायला तिला वेळ लागला. कंदील आणला, माझं तोंड बघितलं, मग कंदील खाली घेऊन छातीवरची नावाची पट्टी बघितली. तिला वाचता येत नव्हतं. बोट फिरवत विचारलं, "हे काय लिवलंय?" मी म्हणालो, माझं नाव. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि तिथंच खाली बसली. मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ पुरता लागला नाही. सत्तेचाळीस वर्षं झाली होती, तरी वर्दीतला माणूस दिसला की आधी त्याचं नाव आहे का, हे तिला बघावं लागत होतं.

म्हणून बिल्ले, फिती, नावाच्या पट्ट्या असं काही माझ्या पोरांच्या अंगावर दिसलं की मी पळणं थांबवतो. चार वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातला एक बाप माझ्याकडं आला. पोराला भरती करून देतो म्हणून एका 'साहेबा'नं दोन लाख घेतले होते, त्यासाठी यानं बैलजोडी विकली होती. मोबाइलवर साहेबाचा फोटो दाखवला. खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे आणि त्याच शर्टाच्या दंडावर हवालदाराच्या तीन फिती! मला बघताक्षणी कळलं. त्या बापाला कसं कळावं? त्यानं वर्दी बघितली आणि विश्वास ठेवला, कारण वर्दीवर विश्वास ठेवावा असंच आपण सगळ्यांनी त्याला शिकवलेलं. पैसे मिळाले नाहीत. भरती करून देतो म्हणून पैसे मागणारा कुणीही असो, कसल्याही कपड्यात असो, तो चोर.

स्वतः मी काय करतो, हेही विचारता. २६ जानेवारीला साध्या कोटावर डाव्या छातीला पदकं लावतो, बस. वर्दी ट्रंकेत आहे.

गेल्या हिवाळ्यात मात्र एका वहिनींनी विचारलं आणि मला पटकन उत्तर देता येईना. त्यांचे मालक नोकरीत असतानाच गेले. झेंडावंदनाला त्या त्यांची पदकं पदरावर उजव्या बाजूला लावतात. उजवीकडं म्हणजे ही माझी नाहीत, माझ्या माणसाची आहेत. त्यांनी ट्रंक उघडून दाखवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, पोरगा म्हणतोय पप्पांचे कपडे घालतो. घालू देऊ का?" वर कॉम्बॅटचा शर्ट होता, नावाच्या पट्टीसकट. त्याखाली लोकरीची हिरवी जर्सी. मी शर्ट घडी करून परत ठेवला. जर्सीच्या खांद्यावरचे बिल्ले ब्लेडनं अलगद सोडवून वहिनींच्या हातात दिले आणि जर्सी पोराला दिली.

रात्रीची लाईट असली की तो ती घालून गव्हाला पाणी द्यायला जातो. बाह्या अजून मोठ्या होतात त्याला, मनगटापाशी दोन घड्या घालतो.