गाव क्रमांक ७

दादाने काल रात्री डेटाबेसमधले माझे गावांचे टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, उघडले आणि मला न विचारता त्यात ओळ ओळखण्यासाठी गाव_आयडी नावाचा क्रमांकाचा कॉलम घातला. आपल्या गावाच्या वाट्याला ७ हा आकडा आला. एवढ्याशा गोष्टीने दिवसभर मन का खट्टू राहावे, हे मला उमगत नाही.

जिल्हा, तालुका आणि गावाचे नाव मिळून मी प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, ठेवली होती. नुसत्या नावावर भागत नाही, कारण बुद्रुक-खुर्द सोडले तरी एकाच नावाची गावे आपल्याकडे कितीतरी तालुक्यांत सापडतात. ओळ पाहताच गाव कळावे, एवढीच अपेक्षा होती. ७ या आकड्यातून काय कळते? उशिरा शिकायला बसलेल्या माणसाने विचार करून मांडलेले कुणी असे सहज बाजूला सारावे, म्हणजे... असो.

दादाचे म्हणणे असे, की प्रायमरी की बदलणारी नसावी. ती शेतकरी, पिके अशा प्रत्येक टेबलात फॉरेन की म्हणून, म्हणजे मूळ ओळीकडे बोट दाखवायला, जाऊन बसते आणि मुळात बदलली की सगळीकडे बदलावी लागते. ऑन अपडेट कॅस्केड ही सूचना लिहिली तर ते काम डेटाबेस करतो, पण तेवढ्या ओळी त्यालाही नव्याने लिहाव्याच लागतात. मी म्हणालो, गाव कुठे हलते? त्यावर तो हसला. ते हसणेच जास्त बोचले.

संध्याकाळी आजोबांचे कागद काढले. गाव हलले नाही, हे खरेच. पण १९५६ पर्यंत आमचा उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबादेत आला आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात गेला. पुढे जळकोट तालुका वेगळा झाला आणि आमचे गाव तिकडे गेले. मागे राहिलेल्या उस्मानाबादचेही २०२३ मध्ये धाराशिव झाले. आजोबा एकाच ओट्यावर बसून तीन जिल्ह्यांचे रहिवासी झाले. या सगळ्यात ७ मात्र ७ च राहिला असता, कारण त्याला काही सांगायचेच नव्हते. हे पटले, आवडले असे म्हणणार नाही.

मात्र दादाचेही सगळेच बरोबर नव्हे. आमचेच गाव मी मुद्दाम दुसऱ्यांदा भरले, तर टेबलाने मुकाट्याने त्याला १९ क्रमांक देऊन टाकला. आयडी निराळा म्हणजे गाव निराळे, एवढीच त्याची समज. ती ओळ काढली आणि माझ्या जुन्या तिन्ही कॉलमांवर मिळून युनिकची अट घातली, म्हणजे तेच तिन्ही पुन्हा एकत्र भरता येऊ नयेत. शिवाय प्रत्येकाला नॉट नल, म्हणजे रिकामे न ठेवण्याची अट, कारण रिकाम्या जागेतून दुबार नोंद निसटू शकते. उद्या तालुका पुन्हा बदलला तर गावाच्या ओळीत बदलेन, शेतकऱ्यांच्या टेबलाला हात लावावा लागणार नाही.

पुन्हा तेच गाव भरून पाहिले. या वेळी नकार आला. नंतरच्या गावाला २१ मिळाला, म्हणजे २० त्या नकारातच खर्ची पडला. क्रमांकांत अशी भोके राहतातच म्हणे. ती बुजवण्याच्या फंदात मी पडलो नाही, तालुक्यातली निम्मी गावे अजून भरायची आहेत.