आमची वाटचाल : 'बॅकअप किती?' या प्रश्नाचं उत्तर शोधताना

आमचं काम म्हणजे कंपन्यांच्या लीजमधून सुटलेले जुने लॅपटॉप घ्यायचे, साफ करायचे, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची आणि शाळा, अभ्यासिका, लहान कार्यालयं यांना द्यायचे. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न रॅमचा नसतो, प्रोसेसरचाही नसतो. 'बॅकअप किती?' हाच असतो, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर किती तास चालतो. सुरुवातीला आमच्याकडे त्याचं एकच उत्तर होतं : नवी बॅटरी घाला. आज बॅटरी बदलण्याचा विषय आमच्याकडे सगळ्यात शेवटी येतो.

कारण साध्या गणितात आहे. थिंकपॅड एक्स-२३० हे २०१२ चं मशीन घ्या. त्याची ६ सेलची बॅटरी नवी असताना ६३ वॉट-तासांची असते. वापरून ती ४० वर आली आणि मशीन रिकामं बसून १२ वॉट खात असेल, तर ३ तास २० मिनिटं मिळतात. तेच मशीन ८ वॉटवर आणलं तर ५ तास. बॅटरी तीच, खर्च शून्य. शिवाय या मालिकेत बॅटरीची ओळख तपासली जाते. अस्सल चिप नसलेली स्वस्त बॅटरी खाचेत बसते, पण चार्ज होत नाही. म्हणून आधी वॉट उतरवायचे.

त्यासाठी आधी मोजायला शिकावं लागलं. पॉवरटॉप या वीजखर्च दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्चार्जचा, म्हणजे बॅटरीतून किती वॉट जातात त्याचा, आकडा दिसतो, पण चार्जर काढल्यावरच. आमची पद्धत अशी : स्क्रीनचा उजेड एका ठरावीक पातळीवर, वायफाय चालू, ब्राउझर बंद, १० मिनिटं हात न लावता थांबायचं आणि मग आकडा लिहायचा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा तेच. काही लॅपटॉपांची बॅटरी थेट वॉट सांगत नाही, करंट आणि व्होल्टेज वेगवेगळे सांगते. तिथे दोन्हींचा गुणाकार करायचा. हे आकडे मायक्रो-अँपिअर आणि मायक्रो-व्होल्टमध्ये असतात, शून्यं मोजताना चूक होते. भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॉटमीटर या कामाला तितका उपयोगी नाही, कारण बॅटरी भरत असेल तर तिचा भार त्यात मिसळतो.

पहिल्या टप्प्यात आम्ही प्रत्येक मशीनवर पॉवरटॉपचा ऑटो-ट्यून (सगळी बचत एकदम चालू करणारा पर्याय) चालवून टाकत होतो. वॉट उतरायचे, पण तक्रारी यायच्या : 'माऊस अडकतो.' तो अडकत नव्हता, झोपत होता. ऑटो-ट्यून सगळ्याच यूएसबी उपकरणांना झोपायची मुभा देतो, त्यात माऊसही आला. दोन सेकंद हात काढला की माऊस झोपतो, नुसता हलवून जागा होत नाही, बटण दाबावं लागतं. शाळेतल्या मुलाला हे कसं कळणार? त्याला मशीन बिघडल्यासारखंच वाटतं. त्यामुळे पॉवरटॉप आता फक्त बघायला वापरतो. बदल टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामने करतो. टीएलपी माऊस-कीबोर्डला आपणहून वगळतो आणि चार्जरवर वेगळी, बॅटरीवर वेगळी सेटिंग्ज ठेवतो. एकच पथ्य : पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हा तशाच कामाचा दुसरा प्रोग्राम आधी काढून टाकायचा. दोघं एकाच वेळी चालले की एकाने लावलेलं दुसरा बदलतो.

सगळ्यात जास्त वेळ गव्हर्नरच्या, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या नियमाच्या, गोंधळात गेला. नवीन प्रोसेसरवर इंटेल-पीस्टेट या वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये 'पॉवरसेव्ह' निवडलं तरी गरज पडली की वेग वाढतो, म्हणून ते बिनधास्त वापरता येतं. तीच सवय जुन्या मशीनवर नेली की घात होतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.७ पासून, ज्या प्रोसेसरमध्ये हार्डवेअरच वेग ठरवण्याची सोय नाही, तिथे हा ड्रायव्हर पॅसिव्ह पद्धतीने चालतो, म्हणजे वेग स्वतः न ठरवता गव्हर्नरचं ऐकतो. सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज, हॅसवेल या इंटेल प्रोसेसरच्या जुन्या पिढ्या सगळ्या त्यात आल्या. पॅसिव्हमध्ये 'पॉवरसेव्ह' म्हणजे सर्वांत कमी वेगाला कुलूप. एक्स-२३० मध्ये नेहमी मिळणारा आय-५ ३३२०एम मग १.२ गिगाहर्ट्झवर अडकून राहतो. गिऱ्हाईक म्हणतं, लिनक्स हळू आहे. आणि बचतही फारशी होत नाही, कारण पान उघडायला दुप्पट वेळ लागला तर तेवढा वेळ प्रोसेसर जागा राहतो, स्क्रीन आणि बाकी सगळंही जळत राहतं. काम लवकर उरकून झोपणं हेच स्वस्त पडतं. आम्ही ड्रायव्हरचं नाव बघतो. 'इंटेल-सीपीयूफ्रेक' (पॅसिव्हमधलं त्याचं नाव) दिसलं की गव्हर्नर 'शेडयूटिल' (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) ठेवतो आणि टीएलपीत बॅटरीवर फक्त टर्बो, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद करतो. मग वेग २.६ वर थांबतो, ३.३ ला जात नाही. वरच्या वेगाला व्होल्टेजही जास्त लागतं, म्हणून ते शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात.

एवढं करूनही एखादं मशीन १४-१५ वॉटवरून हलत नाही. तेव्हा पॉवरटॉपचा 'आयडल स्टॅट्स' हा भाग उघडायचा. तिथे पॅकेजच्या (म्हणजे पूर्ण प्रोसेसर चिपच्या) नावाखाली सी-२, सी-३, सी-६, सी-७ अशा झोपेच्या पायऱ्या आणि त्यांची टक्केवारी असते. बसल्या मशीनचा बराच वेळ सी-६ किंवा सी-७ मध्ये जायला हवा. तिथे शून्य असेल तर कोणीतरी प्रोसेसरला सतत उठवतंय. जुन्या लॅपटॉपांत एक ठरलेला गुन्हेगार असतो : टॉप या चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'केवर्कर' नावाची कर्नलची प्रोसेस काही कारण नसताना एक कोर खात बसलेली दिसते. सिस फोल्डरमधल्या फर्मवेअर, त्यातल्या एसीपीआय, त्यातल्या इंटरप्ट्स या फोल्डरात जीपीई आणि पुढे दोन अक्षरं अशा नावाच्या फायली असतात, हार्डवेअरकडून किती सूचना आल्या ते त्यांत मोजलेलं असतं. पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचायच्या. बाकी आकडे जागच्या जागी आणि एक हजारांनी पुढे गेलेला, हा तोच. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन त्या फायलीत 'डिसेबल' हा शब्द लिहिला की केवर्कर शांत होतो, पंखाही थोड्या वेळात उतरतो. मशीन पुन्हा सुरू केलं की हे पुसलं जातं, म्हणून सुरू होताना आपोआप चालणारी सिस्टमडीची छोटी सर्व्हिस करून ठेवावी लागते. त्यानंतर झाकण बंद करून, चार्जर काढून-लावून, उजेडाची बटणं दाबून बघायचंच. कारण त्याच वाटेने यातली एखादी सूचना येत असेल तर तीही बंद पडलेली असते.

'पीसीआयई-एएसपीएम फोर्स' (एएसपीएम म्हणजे आतल्या कार्डांच्या रिकाम्या जोडण्यांना झोपवणं, ते जबरदस्तीने लावणं) हा कर्नलचा पर्याय आम्ही वापरत नाही. हा सल्ला अजून फिरतो, त्याचं मूळ २०११ मधलं आहे. कर्नल २.६.३८ पासून, बायोसने (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने) एएसपीएम नाकारलं असेल तिथे कर्नल ते बंदच करून टाकायचा, त्यामुळे अनेक लॅपटॉपांचा वीजखर्च वाढला होता. २०१२ च्या कर्नल ३.३ मध्ये ते सुधारलं. आज तो पर्याय लावून फायदा क्वचितच होतो, उलट काही मशीन गोठतात. साटाच्या (डिस्कच्या जोडणीच्या) बाबतीतही 'मिन पॉवर' टाळतो, कारण त्यात काही डिस्कवर डेटा खराब होण्याचा धोका आहे. 'मेड पॉवर विथ डीआयपीएम' पुरेसं असतं. निविदियाचं वेगळं ग्राफिक्स असेल तर बायोसमध्ये 'इंटिग्रेटेड' (प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स) निवडतो.

अभ्यासिकांमध्ये खरा वापर व्हिडिओचा. एक्स-२३० मधल्या आयव्ही ब्रिजचं ग्राफिक्स एच-२६४ या पद्धतीचा व्हिडिओ स्वतः उलगडतं, व्हीपी-९ चा नाही. यूट्यूब मात्र ब्राउझरला शक्यतो व्हीपी-९ किंवा एव्ही-१ देतं, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. यासाठी ग्राफिक्सकडून व्हिडिओ उलगडून घेणारा आय-९६५ चा व्हीए-एपीआय ड्रायव्हर टाकतो आणि ब्राउझरमध्ये एच-२६४ च मागणारं एक्स्टेन्शन बसवतो. फरक ऐकू येतो : तासिका चालू असताना पंखा घोंघावत नाही.

जे लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतात, त्यांना थिंकपॅडमध्ये टीएलपीतून ७५ ला सुरू आणि ८० ला बंद अशी चार्जिंगची मर्यादा घालतो. १०० टक्क्यांवर गरम बसून राहिलेले लिथियम-आयन सेल लवकर म्हातारे होतात. लोडशेडिंग असलेल्या गावात मात्र ही मर्यादा काढून देतो, तिथे उरलेले २० टक्के हवेच असतात.

आता प्रत्येक मशीनच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर चार नोंदी : बॅटरीची मूळ क्षमता, आजची क्षमता, बसून किती वॉट, व्हिडिओ चालवताना किती वॉट. 'बॅकअप किती?' असं विचारलं की मशीन उलटं करून दुसरा आकडा तिसऱ्याने भागून दाखवतो, आणि चौथ्यानेही.