555 रुपये कमी

पूर्वीच्या नवऱ्याचे घराच्या कर्जाच्या अर्ध्या हप्त्याचे पैसे आले. 11,380 ऐवजी 10,825. आधी वाटलं, परवा फोनवर मी जरा आवाज चढवला त्याचा राग काढायलाय. मग ॲप उघडलं तर हप्ताच उतरलेला, 22,760 वरून 21,650. रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आणला, आमच्या कर्जाचं व्याज 9 चं 8 झालं. त्यानं बरोब्बर अर्धं करून पाठवलंय. हिशोबात तो कधी चुकत नाही. बाकी जाऊ दे.

पण व्याज उतरलं की हप्ता तसाच ठेवून मुदतही कमी करून घेता येते. शाखेत विचारलं. बाई म्हणाल्या, "सरांनी अर्ज दिलाय ना, हप्ता कमी करायचा." मुख्य कर्जदार तो, मी सहकर्जदार, माझी सही लागली नाही म्हणे. मुदत 2037 पर्यंत तशीच. जुनाच हप्ता ठेवला असता तर साधारण 11 महिने आधी सुटलो असतो. दोघंही.

हेच डोक्यातून जाईना. मला विचारलं का नाही? आणि सुटायची घाई त्याला जास्त होती ना? फॅमिली कोर्टात घटस्फोटासाठी सहा महिने थांबायला नको म्हणून सूट मागणारा तोच. मग आता ही 11 महिने जादाची बांधिलकी हौसेनं कशाला? क्षणभर वाटलं, कदाचित... नाही. त्याच्या तिकडच्या घराचं भाडं वाढलंय, एवढंच असेल. तरी ते "कदाचित" मनात आलं कसं, याचाच राग येतोय. मी इथे संभाजीनगरात बीड बायपासच्या या दोन खोल्यांत बसून 2037 मोजतेय, पोरगी तेव्हा नोकरीला लागलेली असेल, आणि बँकेच्या कागदावर आम्ही अजून शेजारी शेजारीच.

मोकळं व्हायचे रस्ते मला तोंडपाठ आहेत. कर्ज एकटीच्या नावावर घ्यायचं तर माझ्या पगारावर बँक तयार नाही. हक्कसोड पत्र करायचं तर घर वडिलोपार्जित नाही, त्यामुळे 500 रुपयांच्या मुद्रांकावर भागत नाही, त्याच्या हिश्श्याच्या बाजारभावावर शुल्क. आणि तेवढं करूनही कर्जातून नाव निघत नाही, ते बँक सोडेल तेव्हा. कोर्टाचा निकाल दाखवला होता. "ताई, हे तुमच्या दोघांतलं. आमचा करार दोघांशी." त्यानं एक हप्ता चुकवला तरी सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग माझ्याही नावावर. चुकवत नाही म्हणा. तेही लिहायलाच पाहिजे.

आईला फोनवर सांगितलं. "अगं, पैसे कमी जायलेत तर रडायलीस कशाला?" परभणीचं गणित सरळ असतं.

हसू आलं. मग म्हटलं, माझे वाचलेले 555 मी बाजूला टाकीन आणि वर्षाकाठी मुद्दलात भरीन. बदलत्या व्याजाच्या कर्जाला मुदतीआधी भरल्याचा दंड नाही. त्याचाही अर्धा फायदा होईल त्यात. होऊ दे, कळणारही नाही त्याला. नाही, कळेल. विचारील, "हे कोणी भरले?" तेव्हा मीही सांगणार नाही, सही लागली नाही म्हणून.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टँकरची जादा वर्गणी आली. नळाला पाणी कधी येईल ते महापालिकेलाच ठाऊक. 555 त्यात गेले. पुढच्या महिन्यापासून सुरू करीन.