आंबोलीच्या धुक्यात पतंगांची ओळखपरेड

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीत पोचलो तेव्हा रस्त्यावर धुकं उतरलं होतं. रात्री दिव्यावर झेपावणारे पतंग पाहायचे तर पावसाळ्यासारखा हंगाम नाही, आणि त्यात अमावस्येच्या आसपासची रात्र मिळाली तर दुधात साखर. लख्ख चांदणं असलं की दिव्याकडे पतंग कमी फिरकतात. मुक्कामाच्या आवारात, झाडीच्या कडेला पांढरा पडदा ताणला, दिवा लावला, वर ताडपत्री बांधली आणि बसलो.

अंधार दाटला तसा पडदा भरत गेला. मग आला पाठीवर कवटीची खूण मिरवणारा डेथ्स हेड हॉक मॉथ. सगळे कॅमेरे त्या कवटीकडे वळले. माझं मन मात्र मागच्या पंखांत अडकलं होतं, कारण सह्याद्रीत याच्या दोन प्रजाती सापडतात, अकेरोंशिया स्टिक्स आणि अकेरोंशिया लॅकेसिस, आणि कवटी दोघांच्याही पाठीवर असते. पुढचे पंखही दोघांचे काळपट, चितारलेले. स्टिक्सचा मागचा पंख पिवळा, त्यावर दोन काळे पट्टे. लॅकेसिसच्या मागच्या पंखाच्या अगदी मुळाशी मोठा काळा डाग. पतंग बसला की नेमकं हेच झाकलं जातं!

गवताच्या काडीने पुढच्या पंखाची कड हलकेच उचलली, तर स्वारीने चिर्रर्र असा आवाज काढला. हा आवाज पंखांचा नसतो. आखूड, जाड सोंडेतून हवा खेळवून तो काढतात. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितात तेही याच सोंडेने. पंखाच्या मुळाशी काळा डाग स्पष्ट दिसला. लॅकेसिस!

थोड्या वेळाने वाळक्या पानासारखा एक पतंग येऊन चिकटला. हा युडोसिमा, फळांतला रस शोषणारा. संत्री-मोसंबीच्या बागायतदारांना चांगलाच परिचयाचा. याच्या पुढच्या पंखांवर विसंबून राहण्यात अर्थ नाही, कारण एकाच प्रजातीच्या नर-मादीतही ते वेगळे दिसतात. नारिंगी मागच्या पंखावर मधोमध गोल काळा ठिपका असेल तर मटेर्ना ही प्रजाती, स्वल्पविरामासारखा बाकदार डाग असेल तर फॅलोनिया. याला काडी लावावी लागली नाही. स्वतःच दचकून त्याने पंख उघडले आणि बाकदार डाग झळकला. लागलीच फोटो घेतला.

खरी कसोटी राखाडी, सालीच्या रंगाच्या जिऑमेट्रिड कुळातल्या पतंगांची. रेषांची वळणं इतकी मिळतीजुळती की फोटोवरून प्रजाती सांगणं म्हणजे अंधारात तीर. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहतात किंवा डीएनए तपासतात. केवळ यादी वाढावी म्हणून जीव मारणं मला पटत नाही, म्हणून वहीत त्यांच्यापुढे कुळाचंच नाव लिहिलं. चुकीच्या नावाची नोंद पुढे कुणाच्या तरी नकाशावर ठिपका होऊन बसते, त्यापेक्षा अर्धवट नोंद शंभर पटीने बरी.

उजाडायच्या आत दिवा मालवला आणि पडद्यावरचे पतंग एकेक करून झुडपांत सोडले. हे करायलाच हवं. दिव्याला आलेले पतंग उजाडलं तरी तिथेच बसून राहतात आणि बुलबुल-कोतवाल येऊन त्यांचा फडशा पाडतात.