अण्णांनी किती मारले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मग किती शत्रू मारले त्यांनी?’ शाळेत असताना मीही हेच विचारलं होतं. अण्णा म्हणाले, “मारायला नव्हतो रे आम्ही. वाट करून द्यायला होतो.”

अण्णा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर तुकडीतले. फौज पुढे सरकायची तर आधी सॅपर्सनी सुरुंग काढायचे, पूल टाकायचे, डोंगर फोडायचा. त्यांच्याच २१ फील्ड कंपनीतल्या प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ साली इथिओपियाच्या मोहिमेत चार दिवसांत ५५ मैलांच्या टापूतली १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली. कानाचा पडदा फाटला तरी थांबले नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अण्णा नंतर भरती झाले, पण भगतसाहेबांचं नाव घेताना बसल्या जागी ताठ व्हायचे.

सुरुंग शोधायचं यंत्र होतं, पण ते धातूला आवाज देणारं. जर्मनांचा लाकडी पेटीतला सुरुंग त्याला सहजी सापडत नसे. मग पालथं पडायचं आणि संगीन तिरकी धरून बोट-बोट माती चाचपायची. सरळ खुपसली तर टोक सुरुंगाच्या माथ्यावर. तिरकी गेली तर कुशीला लागते. एवढ्याशा फरकावर जीव. पुढे अण्णा भुईमुगात खुरपं धरायचे तेही तसंच, तिरकं आणि हलकं. आई म्हणायची, “अहो, गवतच आहे ते.” हात काही ऐकत नसे.

कॅसिनोचं मात्र ते आपणहून बोलत. इटलीतलं हे गाव, वर डोंगरावर मठ, आणि तो जर्मनांकडून घ्यायची लढाई. मठाच्या मागच्या डोंगरात एक पायवाट होती. १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या आणि न्यूझीलंडच्या सॅपर्सनी ती सुरुंगांनी फोडून, रुंद करून रणगाडे चढतील असा रस्ता केला. कॅव्हेंडिश रोड. शत्रूच्या नजरेआड राहावा म्हणून वर जाळ्या ताणल्या. १९ मार्चला रणगाडे वर गेले, पण सोबत पायदळ नव्हतं. हल्ला फसला, रणगाडे जळाले. आमचा रस्ता वाया गेला, एवढंच मनात घेऊन अण्णा तिथून हलले. ती सल त्यांनी चाळीसेक वर्षं बाळगली. माणसं गेली याचं दुःख होतंच, पण खपून केलेलं काम कुणाच्या उपयोगी पडलं नाही, हे त्यांना आतून खात होतं.

मे महिन्यात पोलिश रणगाडे त्याच रस्त्याने चढले आणि १८ मेला मठ हाती आला, हे मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, “कुठं कड ढासळली नाही ना?”